संध्याकाळी गळणारी इस्त्री

आमच्या घरातली कुठलीही बिघडलेली वस्तू बाहेर दुरुस्तीला जात नसे. ती आधी बाबांच्या टेबलावर जायची आणि बहुतेक वेळा तिथेच राहायची. लखनौच्या मानक नगरातलं आमचं रेल्वे क्वार्टर तसं ऐसपैस होतं, मागे पेरूचं झाड, पुढे लांबलचक व्हरांडा. पण त्या व्हरांड्याचा एक अख्खा कोपरा या टेबलाने अडवलेला. त्यावर पोट उघडं पडलेला रेडिओ, सायकलचा डायनॅमो, आईच्या शिलाई मशीनचा सुटा पाय आणि स्क्रू ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यांची झाकणं. बाबा रेल्वेच्या संशोधन विभागात इंजिनिअर होते. धावत्या डब्याला किती हादरे बसतात हे मोजणं हे त्यांचं काम. ते चाचणीच्या गाडीतून कुठे कुठे फिरून येत आणि घरी आल्यावर जेवताना पाण्याच्या भांड्याकडे टक लावून बघत. मागच्या रुळांवरून कानपूरकडे मालगाडी निघाली की भांड्यातलं पाणी थरथरायचं आणि बाबा घास हातात धरून म्हणायचे, "मधल्या एका वॅगनची स्प्रिंग गेलीये." खरं की खोटं, कोण बघायला जाणार? आई शांतपणे विचारायची, "वरण वाढू, की स्प्रिंग आणून देऊन येताय?"

आई कऱ्हाडची. लग्न होऊन थेट लखनौला आली तेव्हा तिला हिंदीतलं 'पानी' आणि 'नमस्ते' एवढंच येत होतं, असं ती सांगायची. पुढे ती भाजीवाल्याकडून आणि शेजारच्या सफ़िया आपांकडून हिंदी शिकली. त्यामुळे तिच्या बोलण्यात कऱ्हाडचा ठसका, भाजीवाल्याची घासाघीस आणि आपांची अदब असं सगळं एकदम यायचं. "भैया, ज़रा तशरीफ़ रखो और वो सडका टमाटर निकालो," हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं वाक्य आहे. दादा आणि मी तिचं मराठी ऐकायचो आणि उत्तर हिंदीत द्यायचो. ती रागावायची, मग थकायची. आज मी हे सगळं मराठीत लिहिते आहे, हे तिला कोणी सांगितलं असतं तर तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं असतं.

वाफेची इस्त्री आमच्या घरी आली ती मामाबरोबर. मामा कंपनीतर्फे जर्मनीला कसल्याशा प्रशिक्षणाला गेला होता. परतताना त्याने आपल्या एकुलत्या एका बहिणीसाठी अत्तर नाही, कापड नाही, इस्त्री आणली. फिकट निळ्या मुठीची, पुढे पाणी ओतायला छोटं तोंड असलेली. दांड्यावरचं बटण दाबलं की ती खालून फुस्स करून वाफ सोडायची. कॉलनीत तेव्हा सगळ्यांचे कपडे कोपऱ्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीवर जायचे. आमच्या इस्त्रीची फुस्स ऐकायला बायका मुद्दाम येऊन बसत. आईने तिच्यासाठी जुन्या लुगड्याचा गिलाफ शिवला. बाबांनी तिचा परदेशी प्लग कापून आपला तीन पिनांचा लावला आणि तेवढ्यावर तिच्यावर आपला हक्क सांगितला.

पहिला उन्हाळा, पहिला पावसाळा इस्त्रीने फार छान काढला. थंडी पडायला लागली आणि ती गळायला लागली. आधी एखादा थेंब. मग बटण दाबलं की वाफेऐवजी पाण्याचीच चूळ, आणि ती चूळही स्वच्छ नाही, चहाच्या पाण्यासारखी तांबूस. बाबांच्या ऑफिसच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खिशाखाली, तसला एक डाग पडला तेव्हा इस्त्री टेबलावर गेली.

बाबा घाईने काहीच करत नसत. आधी त्यांनी आईची उलटतपासणी घेतली. पाणी किती भरतेस? नळाचंच भरतेस ना? आडवी ठेवतेस की उभी? आमच्या कॉलनीत पाणी ट्यूबवेलचं, इतकं जड की चहाच्या किटलीत महिन्याभरात चुन्याचा थर बसायचा. तेव्हा संशय आधी पाण्यावरच गेला. बाबांनी इस्त्रीत लिंबाचा रस आणि पाणी भरून ती तापवली, झटकली, पुन्हा भरली. खालच्या भोकांतून पांढरे-तांबडे कण बाहेर पडले आणि सगळ्या व्हरांड्यात सरबत उकळल्यासारखा वास सुटला. मग बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आलं. मग त्यांनी इस्त्री खोलली. पाण्याच्या टाकीखालचं रबराचं वायसर कडक होऊन चिरलेलं निघालं. बाबांचा चेहरा उजळला. दोषी सापडला होता. उष्णता सहन करणारं रबर मिळवून त्यांनी नवं वायसर कापलं, बसवलं आणि एका रविवारी, भर दुपारी, आम्हा सगळ्यांना बोलावून जुन्या चादरीवर इस्त्री फिरवून दाखवली. फुस्स, फुस्स. एक थेंब नाही. "आता ही काही गळत नाही," बाबा म्हणाले आणि हात पुसून आंघोळीला गेले.

हे असं म्हणून ते आंघोळीला गेले नसते तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्या आधी आपांबद्दल सांगायला हवं.

सफ़िया आपा आमच्या भिंतीला भिंत लागून राहत. त्यांचे मियाँ रिज़वी साहब बाबांच्याच विभागात नकाशे काढणाऱ्यांचे प्रमुख. आपा उंच, सडपातळ, सावकाश बोलणाऱ्या. आई लखनौला नवी होती तेव्हा आपांच्या घरी चहा प्यायची, पण आपा आमच्याकडे येऊन गेल्या की त्यांचा कप वेगळा विसळून ठेवायची. माहेरची शिकवण. आपांच्या ते लक्षात आलं असणारच, पण त्या कधी काही बोलल्या नाहीत. उलट त्यांनी स्वतःच्या घरी एक पितळी कढई आईसाठी वेगळी ठेवली. तिच्यात फक्त गाजराचा हलवा, शेवया, असलं आमच्या पोटाला चालणारंच शिजायचं. कप वेगळा ठेवणं कधी बंद झालं ते मला आठवत नाही. मला कळायला लागलं तेव्हा आपांचा कप आमच्याच कपांत मिसळलेला होता. कुठला कोणाचा ते ओळखू यायचं नाही.

आपांच्या हातात चिकनचं काम होतं. लखनौत चिकन म्हणजे पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या दोऱ्याची कशिदाकारी. आपा ते विकायला करत नसत, घरच्यासाठी करत. त्यांच्या मुलीचं, नीलोफ़रचं, म्हणजे आम्हा मुलांच्या नीलू बाजीचं, लग्न ठरलं तेव्हा त्यांनी जावयासाठी एक कुर्ता काढायला घेतला. लग्नानंतर नवरा-नवरी पहिल्यांदा माहेरी जेवायला येतात, त्या दिवशी जावयाने घालायचा. कापडावर निळ्या शाईने वेलबुट्टी छापून आणली. छातीवर जाळीचं काम, म्हणजे कापडाचे धागे सुईने बाजूला सारून त्यात नाजूक भोकं पाडायची. पण आपांचे डोळे तोवर कमजोर झाले होते. जाळी घेताना धागा दिसेना. एक दिवस त्यांनी कुर्ता बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "भाभी, हमसे नहीं होगा अब." आई शिवणात तरबेज. ती म्हणाली, "आप बताओ, मैं करती."

तो सगळा हिवाळा त्या दोघी आमच्या व्हरांड्यात, उन्हाच्या तुकड्याबरोबर खाट सरकवत बसल्या. आपा बोटाने कापड चाचपून सांगत, "यहाँ नहीं, एक धागा छोड़ के," आणि आई श्वास रोखून सुई घाली. मध्येच शेंगा सोलणं, मध्येच स्वेटरच्या टाक्यांवरून वाद. मी शाळेतून आले की मला मटाराच्या दाण्यांची वाटी मिळायची आणि "हाथ धोए बिना इधर मत आना, शुब्बो" हा दम. माझं नाव शुभा. आपांनी त्याचं शुब्बो केलं होतं आणि त्या नावाने आता मला हाक मारणारं कोणी उरलेलं नाही.

कुर्ता पुरा झाला. धुतल्यावर छापाची निळी शाई निघून गेली आणि उरला नुसता पांढऱ्यावर पांढरा वेल. लग्न आठवड्यावर आलं होतं. प्रश्न इस्त्रीचा निघाला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे द्यायचा तर कोळशाची ठिणगी उडेल अशी आपांना धास्ती. आई म्हणाली, "दीजिए इधर. अपनी इस्त्री किसलिए है? साहब ने एकदम ठीक की है."

संध्याकाळची वेळ होती. आत विजेच्या शेगडीवर डाळ शिजत होती, दादा हीटरसमोर पाय धरून अभ्यास करत होता. आईने जेवणाच्या टेबलावर घोंगडी, त्यावर स्वच्छ चादर पसरली. बाह्या झाल्या, पाठ झाली, वाफ कमी येत होती म्हणून तिने छातीवर इस्त्री आणताना बटण जरा जोरात दाबलं. फुस्स झालंच नाही. गुळगुळ असा एक आवाज आला. आईने झटकन इस्त्री उचलली, पण जाळीच्या कडेला, गुंडीपट्टीजवळ, तांबूस पाण्याचा डाग पसरत चालला होता. मी समोरच उभी होते. मला आठवतं, आईने पहिल्यांदा इस्त्री उभी करून ठेवली, प्लग काढला, मग कुर्ता उचलून दिव्याखाली धरला.  तिचे ओठ पांढरे पडले.

बाबा ऑफिसातून आले तेव्हा ती तशीच बसली होती. त्यांनी कुर्ता पाहिला, इस्त्री पाहिली. "असं कसं होईल? मी स्वतः बघितली होती," ते म्हणाले. मग हलक्या आवाजात, "आज काही बोलू नकोस त्यांना. दोन दिवस दे. मी काहीतरी करतो."

"तुम्ही इस्त्रीचं करा," आई म्हणाली. "हे माझ्या हातून झालंय. मीच सांगून येते."

तिने पदर नीट केला आणि कुर्ता दोन्ही हातांवर घेऊन गेली. मी मागोमाग. आपांच्या घरात लग्नाची धांदल, दिवाणावर जरीचा गोटा लावलेल्या ओढण्या, नीलू बाजी मेंदीच्या चर्चेत. आईने काहीच प्रस्तावना केली नाही. "आपा, डाग पडा. इस्त्री गळी," एवढंच म्हणाली. आपांनी कुर्ता मांडीवर घेतला. डोळ्यांजवळ नेला. त्यांना डाग आधी दिसला नाही, मग बोटाला ओल लागली तिथे त्यांनी तो शोधला.  मग त्या म्हणाल्या, "भाभी, दूसरा तो हमसे बनेगा नहीं."

आवाज चढला नव्हता. पण त्या 'हमसे' मध्ये आई नव्हती. ते आईला आणि मलाही कळलं. आई म्हणाली, "मैं कुछ करती हूँ." आपांनी कुर्त्याची घडी घातली. "रहने दीजिए," त्या म्हणाल्या आणि नीलू बाजीला चहा आणायला सांगितलं. आम्ही चहा प्यायलो. एवढा बेचव चहा मी आयुष्यात कधी प्यायले नाही.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात खाट होती, ऊन होतं, आपा नव्हत्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हत्या. लग्नाचं घर, कामं असणारच, असं बाबा म्हणाले.  आई भिंतीपलीकडचे आवाज ऐकत राहायची. मसाला कुटल्याचा, कोणाच्या तरी हसण्याचा. आमच्याकडे फार आवाजच होत नव्हते. बाबांनी मात्र इस्त्री पुन्हा खोलली होती. वायसर ठीक. भोकं स्वच्छ. सकाळी ऑफिसला जाण्याआधी त्यांनी ती आपल्याच जुन्या बनियनवर फिरवली: थेंब नाही. "बघ," ते आईला म्हणाले, "गळतच नाही." संध्याकाळी आईने तीच इस्त्री त्याच बनियनवर फिरवली आणि बनियन भिजलं.

"तू बटण लवकर दाबत असशील."

"तुम्ही दाबा मग," आई म्हणाली.

बाबांनी दाबलं. गळली. बाबा तिथेच खुर्चीवर बसले. मला वाटतं, धावत्या गाडीचे हादरे समजणाऱ्या माणसाला हातातल्या इस्त्रीने असं चकवावं याचं त्यांना खरंच दुःख झालं असावं. आई भाकरीचं पीठ मळायला घेणार होती, ती हात तसाच ठेवून म्हणाली, "मला एक सांगा. ही सकाळी का नाही गळत? रविवारी दुपारी का नाही गळली? नेहमी संध्याकाळीच का?"

"यंत्राला काय कळतं गं सकाळ-संध्याकाळ," बाबा म्हणाले.

"आणि हा लाल दिवा. सकाळी थोड्या वेळाने विझतो. संध्याकाळी विझतच नाही. मी कधीची बघतेय."

इस्त्रीच्या दांड्यावर एक बारीक लाल दिवा होता. इस्त्री पुरेशी तापली की तो आपोआप विझायचा. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांनी मान वर केली आणि छताच्या बल्बकडे पाहिलं. बल्ब पिवळाजर्द होता, मोसंबीच्या सालीसारखा. आत हीटर चालू होता. शेजारी हीटर चालू होता. सगळ्या कॉलनीत, थंडीच्या त्या वेळेला, घरोघरी हीटर आणि शेगड्या चालू होत्या. बाबा उठले ते मोठ्याने ओरडतच, "व्होल्टेज! अगं, व्होल्टेज!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातून मीटर आणला. संध्याकाळी काटा इतका खाली आला की बाबा दादाला हाका मारून मारून दाखवायला लागले. सकाळी तो पुन्हा आपल्या जागी. वीज कमी, म्हणून इस्त्री तापत नाही; तापत नाही म्हणून पाण्याची वाफ होत नाही; वाफ होत नाही म्हणून पाणी पाण्यासारखंच खाली येतं, आणि येताना आतला गंज घेऊन येतं. त्यांनी मला हे समजवायला सुरुवात केली तेव्हा आईने तवा शेगडीवर ठेवला आणि थंड तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. थेंब तिथेच बसले. तवा तापल्यावर पुन्हा शिंपडले. ते नाचले, चरचरले आणि नाहीसे झाले. "एवढंच ना?" ती म्हणाली. बाबा म्हणाले, "एवढंच." त्यांना अजिबात कमीपणा वाटला नव्हता. मीटर परत ठेवताना ते गुणगुणत होते. आज मागे वळून बघताना वाटतं, त्या दोघांचं सगळ्यात आनंदी असं मला आठवणारं चित्र कुठलं असेल तर ते हेच. एका हातात मीटर घेतलेले बाबा आणि तव्याशी उभी असलेली आई, दोघं एकाच थेंबाकडे बघताहेत.

पण इस्त्रीचं कोडं सुटलं म्हणून डाग निघत नव्हता. आई त्याच संध्याकाळी पुन्हा भिंतीपलीकडे कान लावून बसली.

आपा आल्या त्या सकाळी. मी शाळेची वेणी घालून घेत होते. व्हरांड्याच्या पायरीवर चपलेचा आवाज आला आणि आईचा हात माझ्या वेणीतच थांबला. आपांच्या एका हातात घडी घातलेला कुर्ता, दुसऱ्या हातात ओढणीच्या टोकात बांधलेली लिंबं. त्या खाटेवर बसल्या. 

"भाभी," त्या म्हणाल्या, "हमारी नानी लोहे के ज़ंग का दाग़ नींबू-नमक से निकालती थीं. धूप में रख के. उस दिन भी याद था हमें."

"तो किया क्यों नहीं?" आईने विचारलं.

"जाली फट जाती तो? अकेले हिम्मत नहीं हुई." आणि मग खाली बघून, "और ग़ुस्सा भी था."

"होना ही था," आई म्हणाली. "मेरे को भी था. मेरे पर."

माझी अर्धी वेणी तशीच राहिली. बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले, त्यांनी काय चाललंय ते ऐकलं आणि लगेच म्हणाले की आधी चाचणी दुसऱ्या कशावर तरी घ्या. त्यांचा तो खिशाखाली डाग पडलेला शर्ट आला. त्यावर मीठ भुरभुरलं, लिंबू पिळलं आणि शर्ट उन्हात पसरला. सगळ्यांना उशीर होत होता, पण बाबा ऑफिसला गेले नाहीत की मी शाळेत. डाग आधी पिवळा झाला, मग फिकट, मग दिसेनासा. आई आणि आपांनी एकमेकींकडे पाहिलं आणि कुर्ता उलगडला.

जाळीवर मीठ चोळायचं नाही, नुसतं ठेवायचं. लिंबाचे थेंब कापसाच्या बोळ्याने द्यायचे. आईने ते केलं, आपा शेजारी बसून तिच्या मनगटाला बोट लावून होत्या. दाबत नव्हत्या, नुसतं बोट. उन्हाबरोबर खाट सरकत राहिली. दुपारी स्वच्छ पाण्यातून कुर्ता काढला तेव्हा तांबूस रंग गेला होता. गुंडीपट्टीजवळ सायीच्या रंगाची एक अंधुक छटा उरली होती, शोधली तर सापडेल एवढी. आपांना अर्थात ती दिसली नाही. आई मात्र म्हणाली, "आपा, थोडा है." तिला न सांगता राहता आलं असतं. पण नाही. आपांनी विचारलं कुठे, आईने त्यांचं बोट तिथे नेऊन ठेवलं. आपा म्हणाल्या, "एक छोटी सी बूटी डाल दीजिए. पत्ती, बस." नमुन्यात तिथे पान नव्हतं. आईने ते काढलं. वेलाच्या बाहेर, एकटंच, छोटंसं पान.

आता पुन्हा इस्त्री. आई म्हणाली, हज़रतगंजात चांगली लॉन्ड्री आहे, साहेब जाता जाता देतील.  त्या वस्तूला ती पुन्हा हात लावायला तयार नव्हती. आपा म्हणाल्या, "हज़रतगंज वाला इस कुर्ते को क्या जाने? आप जानती हैं. इसी इस्त्री से कीजिए, हमारे सामने."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढल्यावर, कॉलनीतले साहेब ऑफिसला गेल्यावर, घरातला हीटर, शेगडी, रेडिओ सगळं बंद करून आईने चादर पसरली. बाबा मुद्दाम थांबले होते. मीटर घेऊन कोपऱ्यात उभे, एखादी एक्सप्रेस सोडायची असल्यासारखे. सगळे लाल दिव्याकडे बघत बसलो. तो विझला. तरी आईचा हात उठेना. आपा म्हणाल्या, "चलाइए." तिने आधी चादरीवर बटण दाबलं. फुस्स. पांढरी, कोरडी वाफ. मग तिने इस्त्री कुर्त्यावर आणली आणि छातीपर्यंत आल्यावर डोळे मिटले. मी पाहिलं, खरंच मिटले. उघडले तेव्हा जाळी सपाट, पांढरी, आणि कोरडी होती.

लग्न झालं. नवरा-नवरी माहेरी जेवायला आली त्या दिवशी रिज़वी साहेबांच्या अंगणात दस्तरख़ान, म्हणजे जेवणाची लांबलचक चादर, अंथरली होती आणि आम्हा चौघांसाठी एका बाजूला पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि पितळी कढईतला हलवा. जावई सीतापूरचे, गोरे, लाजाळू, डोळे वर न करणारे. त्यांच्या अंगावर तो कुर्ता. बायका उठून उठून काम बघत होत्या, जाळीवरून बोट फिरवत होत्या. एका म्हाताऱ्या बाईंनी त्या एकट्या पानाकडे बोट दाखवून विचारलं की ही बुट्टी वेलाबाहेर कशी? आपा म्हणाल्या, "वो हमारी भाभी की है." आईने पुरीचा तुकडा उगाच दोनदा हलव्यात बुडवला.

आणि मग जावयांनी नानचा तुकडा मटणाच्या क़ोरम्यात बुडवून उचलला. तो ओठांपर्यंत पोचलाच नाही. तुपाने जड झालेला तुकडा मधूनच तुटला आणि थेट छातीवर पडला, जाळीवर, आणि हळदी-केशरी तूप सगळ्या बाजूंनी पसरत गेलं.  नीलू बाजीने ओढणी तोंडाशी धरली. बिचाऱ्याचे कान लाल झाले. त्याने पहिल्यांदाच मान वर करून सासूकडे पाहिलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "अम्मी... धुल तो जाएगा न?"

"धुल जाएगा, बेटा," आपा म्हणाल्या.

"और इस्त्री?" त्याने विचारलं.

आपांनी आईकडे पाहिलं. आईने आपांकडे. आपांचा चेहरा आधी थरथरला आणि मला वाटलं त्या रडणार. तेवढ्यात आईच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, तिने पदर तोंडात कोंबला, आणि त्या दोघी हसत सुटल्या. आपा हसता हसता खाली वाकल्या, आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आणि आई एका हाताने डोळे पुसत, दुसऱ्या हाताने त्यांच्या पाठीवर थापट्या मारत राहिली. बाबाही हसायला लागले, मग रिज़वी साहेब. जावई भांबावून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता, आणि त्याला काही समजावून सांगायच्या अवस्थेत तिथे कोणीच नव्हतं.